पट्टा म्हनजे कोनता पट्टा?

थांबा. भांडे घासाचे पडले आहेत, आई दोनदा हाका मारून गेली, पन हे आत्ताच सांगाचं आहे. उद्यावर टाकलं तर मी थंडी होऊन जाईन. अन थंडी झाली की मी समजूतदार बनते, अन समजूतदार बनून मले पाच वर्षं झाले, काही फायदा झाला नाही.

काल काकू आलत्या. सख्ख्या नाहीत, बाबांच्या चुलतभावाच्या घरच्या. त्याइले कुठून तरी कळलं का डॉक्टरनं माह्या पाठीच्या ऑपरेशनचं काढलं. चहाचा कप हातात, अन म्हने, "तूनं पट्टा नीट लावला नसंन वं. आजकालच्या पोट्ट्याइत दम कुठी आहे!"

मी! नीट नाही लावला!

बाबा समोरच बसले होते. त्याइले सगळं मालूम आहे. अन ते कपात पाहत राह्यले, जसं काही त्यात कोनाचा पत्ता लिहिला आहे. एक शब्द नाही निंगाला तोंडातून.

म्हनून लिहून राह्यली. बाबा, तुमीबी वाचसानच हे, कारन माहं सगळं तुमी वाचता अन वाचलं म्हनून सांगत नाही. चूक तुमची एकट्याची नव्हती. पन काल गप बसनं तुमचं एकट्याचं होतं.

आता पयल्यापासून सांगते.

माह्या पाठीचा कणा वाकडा आहे. पोक नाही! लोकाइले पोक वाटते. पोक म्हनजे समोर वाकनं. माहा कणा बाजूले वाकला आहे, मधात उजवीकडे जाते अन खाली येता येता डावीकडे फिरते, अन फिरता फिरता फासळ्याइलेबी सोबत घेऊन जाते. त्याले स्कोलिओसिस म्हनतात. हे नाव म्हनाले शिकाले मले एक वर्ष लागलं, आईले अजून येत नाही, ती "पोरीचं पाठीचं" म्हनते.

अन हे पयले कोनी पकडलं मालूम आहे? डॉक्टरनं नाही, शाळेनं नाही. शिलाई मशीननं.

आमच्या गावी, नेरले, आमचे कपडे शिवनारी एक चाची आहे. मी फ्रॉक घालाची तेव्हापासून माहं माप तिच्या वहीत आहे. मी आठवीत गेली तेव्हा चाचीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हनून शाळेचा कुर्ता तिच्या सुनेनं शिवला. घरी येऊन घातला तर एक बाजू गुडघ्याच्या खाली अन एक बाजू वर! आई तशीच मले घेऊन, तोच कुर्ता घालून, चाचीच्या घरी.

"काय शिवलं हे बाई? पोरगी शाळेत जाते का तमाशात?"

सुनेनं मले आतल्या खोलीत कुर्ता बदलाले लावला, तो टेबलावर पसरवला, मधातून घडी घातली, काठाले काठ लावला. दोन्ही काठ बरोब्बर एकावर एक. मंग आईकडे पाहून म्हने,

"देखो भाभी. कपडा सीधा है. लडकी टेढी है."

आई अशी उभी राह्यली जसं कोनी थोबाडीत मारली. अन आतून, खाटेवरून, चाची वरडली, "चुप बैठ गे! किसीकी बच्ची को ऐसा बोलते?" मंग काळा चष्मा लावून भिंतीले धरत धरत बाहेर आली. माह्या डोक्यावर हात फिरवला. अन आईले हळूच सांगतलं का ती दोन वर्षांपासून माह्या कपड्याची एक बाजू दोन बोटं जास्त कापून राह्यली होती. "दिखना नै बोलके. बच्ची का दिल नै दुखना."

दोन वर्षं! दोन वर्षं एका बाईले दिसून राह्यलं होतं, अन ती कैचीनं लपवून राह्यली होती, प्रेमानं!

वापस येताना आई काय म्हने? "चाची किती चांगली आहे वं. अन ती सून, जिभीले हाड नाही." मीबी तेव्हा हो हो म्हनलं. रडलीबी होती त्या "टेढी"वर. आता म्हनते, त्या सुनेले कोनी हार घाला. माह्या सगळ्या गोतावळ्यात खरं बोलनारी ती एकटी निंगाली.

तरी डॉक्टरकडे लगेच गेलो असं नका समजू. पयले दोन महिने माहीच चूक शोधनं चाललं. दप्तर एका खांद्यावर घेते म्हनून. पालथी झोपते म्हनून. मोबाईल पाह्यते म्हनून, अन मोबाईल तर घरात एकच होता अन तो बाबांच्या खिशात राहे! आई मले भिंतीले उभी करे. "टेकव पाठ. अजून टेकव." उजवं खांद्याचं हाड टेके, डावं नाही टेके. मंग ती हातानं दाबे. शाळेत प्रार्थनेले सर माईकवरून, "ए आठवी ब, ती वाकडी, ताठ उभी राहा!" बस, तिथून माहं नाव वाकडी. खो-खोत मी चांगली होती, लय चांगली. तिथीबी पोट्ट्या वरडे, "वाकडे, पळ!" अन मी पळे, काहून का पळताना नाव आठवत नाही.

मंग यवतमाळले गेलो. हाडाच्या डॉक्टरकडे. सकाळच्या एसटीनं निंगालो, नंबर लागला दुपारी, अन आत किती वेळ? चहा थंडा व्हाले लागते तेवढाबी नाही. त्यानं मले समोर वाकाले लावलं, हात पायाकडे. मागून पाह्यलं. उजव्या बाजूची पाठ टेंगळासारखी वर आलती. एक्स-रेचा फोटो काढून आनला. त्यावर पट्टी-पेन्सिलीनं दोन रेषा मारल्या, कणा किती वाकला ते मोजाले.

"सत्तावीस डिग्री. हिची वाढ अजून बाकी आहे. पट्टा लावावा लागेल. तेवीस तास. अंघोळीपुरता काढायचा. चार महिन्यांनी या."

बाबांनी विचारलं, "बरं होऊन जाईन ना सर?"

"पट्टा लावला तर वाढणार नाही बहुतेक." कागद दिला. "पुढचा पेशंट."

पट्टा. हा शब्द ध्यानात ठेवा.

आमच्याइकडे पट्टा कशाले म्हनत नाही सांगा? कंबर दुखली का पट्टा. हर्निया झाला का पट्टा. बाळंतीन झाली का पोटाले पट्टा. आबाजी पडले तेव्हा मानेले पट्टा. शर्टाच्या खाली जे बांधल्या जाते ते सगळं पट्टा! तर बाबा कागद घेऊन समोरच्याच मेडिकलमधी गेले. दुकानदारानं कागद पाह्यला, वापस दिला, म्हने,

"काय पाह्यजे काका?"

"पट्टा पाह्यजे. डॉक्टरनं सांगतला पाठीसाठी. पोरीले."

दुकानदारानं काउंटरवरून वाकून माही कंबर पाह्यली अन मांगच्या खोक्यातून एक काढून ठेवला. चामडीच्या रंगाचा, इलॅस्टिकचा, पुढून चर्रर्र करून चिकटनारा.

"हाच ना?" बाबांनी विचारलं. मले आठवते, विचारलं होतं त्याइनं. हेबी सांगाले पाह्यजे.

"हाच जाते काका. सगळे हाच नेतात."

खरंच आहे. सगळे हाच नेतात.

आता आयका, काकू, तुमीबी आयका. मी तो पट्टा आठ महिने लावला. तेवीस तास म्हनजे तेवीस तास. अंघोळ अन वेनी, तेवढाच सुटा वेळ. झोपली त्याच्यात. जेवली त्याच्यात, जेवन वर येई. खो-खो सोडला, काहून का पळताना तो वर सरके अन काढून पळाचं तर तेवीस तास कसे होईन? उन्हाळ्यात कंबरेले घामोळ्या उठल्या, त्याचे फोड झाले, फोडावर आई पावडर लावे अन वरून पुन्हा पट्टा बांधे. परीक्षेत खाली पडलेला पेन उचलताना सगळ्या वर्गात चर्रर्र आवाज गेला अन मांगच्या पोट्ट्यानं म्हनलं, "फाटला वं?" आई येनाऱ्या-जानाऱ्याले सांगे, "पोरगी लय शिस्तीची आहे माही, एक मिनिट काढत नाही." मले ते आयकून छाती भरून यायची.

अन ते सगळं फुकट होतं. सगळंच्या सगळं. तो कंबर दुखनाऱ्याइचा पट्टा होता. त्यानं वाकडा कणा एक केसभर थांबत नाही. मी आठ महिने रबराचा तुकडा बांधून फिरली.

चार महिन्यानं जाचं होतं ना? नाही गेलो. सोयाबीन काढनीले आलं, मंग कापूस फुटला, मंग बाबा म्हने, "पट्टा लावून राह्यली ना, मंग कायले जाचं, तो नुसता पाहनार." अन त्या आठ महिन्यात मी सरसर वाढली. जो येई तो म्हने, पोरगी उंच झाली, बापावर गेली. सगळे खुश. मी वाढून राह्यली होती अन कणा माह्यापेक्षा जोरानं वाकून राह्यला होता, अन आमी पेढे वाटाचंच बाकी ठेवलं होतं.

दुसऱ्यांदा गेलो तर डॉक्टरनं नवा फोटो पाह्यला अन पयल्यांदाच मान वर केली.

"एकोणचाळीस? पट्टा कुठे आहे?"

"लावला आहे ना सर," मी म्हनलं, अन लय अभिमानानं कुर्ता जरासा वर केला.

तो पाहतच राह्यला. "हा? हा तर म्हाताऱ्यांच्या कंबरदुखीचा आहे! हा कोणी दिला?"

"मेडिकलमधून घेतला," बाबा म्हने.

"मी मेडिकल म्हटलं होतं का? कागदावर स्पष्ट लिहिलंय की!"

बाबांनी थैलीतून कागद काढला. राशन कार्डासोबत ठेवला होता, जपून. त्यावर चार इंग्रजी अक्षरं होते अन त्याच्या खाली नागपूरच्या एका वर्कशॉपचं ठिकाण. माप घेऊन, साचा काढून बनवाची वस्तू. मेडिकलमधी भेटतच नाही.

"शिकलेसवरलेले दिसता तुम्ही," डॉक्टर म्हने. "पोरीचे आठ महिने वाया घालवले."

आता मी आज पलंगावर बसून टाईप करून राह्यली अन माहे दात खाल्ल्या जाऊन राह्यले. सर! तुमच्या तोंडातून काय निंगालं होतं? पट्टा! तुमीच म्हनलं ना पट्टा! कागद इंग्रजीत अन तोंड मराठीत, अन दोघाइत फरक पडला तर चूक आमची? पन बाबा नाही बोल्ले. मीबी नाही बोल्ली. अन त्यातलं सगळ्यात कडू सांगू? मी सेमी इंग्रजीत होती. इंग्रजी वाचनात मले शाळेत बक्षीस भेटलं होतं. तो कागद आठ महिने माह्या घरात होता अन मले कोनी दिला नाही वाचाले, अन मी मांगितला नाही. लेकरानं वाचाचा कागद नव्हता ना तो. मोठ्याइच्या थैलीतला होता.

त्या दिवशी येताना एसटीत बाबांनी फोटोचं पाकीट मांडीवर उभं धरलं, मोडू नये म्हनून. नेर येईपर्यंत तसंच.

नागपूरले जाच्या पयले अजून एक झालं. मावशी झरी जामणीच्या बाजूची. ती म्हने, आमच्याइकडे जंगलातल्या पोडावर, म्हनजे वस्तीवर, एक म्हातारा आहे, हाडं बसवते, एकदा दाखवा, काय जाते? आई तयारच होती. इकडून तिकडे जाले अख्खा दिवस. मी रस्ताभर मनात म्हनत होती, आता हा पाठीवर पाय देईन, मोडीन मले. म्हातारा कोलाम होता. त्यानं मले उभं केलं, दोन बोटं मानेपासून खालपर्यंत फिरवले, एकदाच. मंग हात धुतले अन आईले म्हने, "हे सरकलेलं हाड नोहे बाई. हे वाढतच वाकडं हाये. हे माहं काम नोहे, दवाखान्यात ने." अन काही न घेता आमाले भुईमुगाच्या शेंगा खाले दिल्या. ज्याले सगळे भोंदू भोंदू म्हनत होते त्यानं डॉक्टरपेक्षा साफ सांगतलं! मावशी रुसली. तिले वाटलं त्यानं मनावर घेतलं नाही.

नागपूरच्या वर्कशॉपमधी मले पातळ बनियानसारखी जाळी घालून उभी केली अन अंगाभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या, बगलेपासून कुल्ल्यापर्यंत. गरम होत जाते ते, मंग कडक होते. आई बाजूले उभी. साचा बनवनारा भाऊ चांगला होता, बोलत बोलत काम करे. मी त्याले मेडिकलच्या पट्ट्याचं सांगतलं. तो हासला नाही.

"महिन्यातून एक तरी येते असं," तो म्हने. "हे पाहा बेटा, पट्टा आवळते. हे ढकलते. आवळून कणा काहून सरळ होईन? इथून ढकलाचं, इथून ढकलाचं, अन तिकडून जागा मोकळी ठेवाची, म्हनजे तो तिकडे सरकते. आमी याले पट्टा म्हनतच नाही. जाकीट म्हनतो."

जाकीट.

एक शब्द! डॉक्टरनं "जाकीट" म्हनलं असतं ना, तर मेडिकलवाला म्हनला असता, काका, जाकीट इथी नाही भेटत, कापडाच्या दुकानात जा. अन बाबा वापस डॉक्टरकडे गेले असते, कोनतं जाकीट म्हनून विचाराले. बस. एवढंच पाह्यजे होतं. जो शब्द आमाले कळला नसता तोच पाह्यजे होता.

जाकीट तीन वर्षं घातलं. पांढरं प्लास्टिक, मांगून तीन फिती. पयल्या दिवशी श्वास अर्धाच आत जाई. अन आमच्या जिल्ह्यातला मे महिना तुमाले सांगाची गरज नाही, त्यात प्लास्टिक! आत सुती बंडी, ती दर दोन-तीन घंट्यानं पिळून निंगे. आई दारात बसून बंड्याच वाळवत राहे. मैत्रिणीइनं पयले दोन दिवस दया केली, मंग एकीनं माह्या पोटावर टकटक केलं. "कोनी आहे का घरात?" मी म्हनलं, "मालक शेतात गेले." बस, मंग रोज टकटक. ती मले आवडली. ती दयेपेक्षा बरी. जाकीट घालून पयला फोटो काढला तर आतल्या आत कणा चोवीसवर आलता! मी त्या फोटोले हात जोडले. तो आकडा जाकीट अंगावर आहे तेवढ्यापुरताच असते, हे तेव्हा मालूम नव्हतं.

पन आईनं काय केलं तेबी लिहिते. ती भांडे आपटून राह्यली, आपटू द्या. दहावीच्या उन्हाळ्यात घरात लग्न होतं. आई म्हने, "चार दिवस काढून ठेव. पाव्हने येतीन. एकदा लोकाइच्या नजरेत बसलं का पोरीत खोट आहे, तर मंग..." मंग काय, ते वाक्य आमच्या घरात कधीच पूर्न होत नाही. मी नाही म्हनलं. ती रडली. मी काढलं. त्या लग्नाचे चार, मंग दुसऱ्या एकाचे तीन, मंग बारशाले दोन. हे झालं माहं "नीट नाही लावलं". हे काढाले कोनं लावलं ते काकूंनी विचारावं, काहून का त्या लग्नात काकूच म्हनत होत्या, "आता कशी छान सरळ दिसून राह्यली!"

अन आता खरी गोष्ट. तीन आठवड्याच्या पयलेची.

वाढ थांबली होती. डॉक्टरनं जाकीट आधीच हळूहळू सोडवलं होतं. शेवटचा फोटो लावला, रेषा मारल्या.

"सेहेचाळीस."

तीन वर्षं, अन सेहेचाळीस.

"आता जाकिटाचं काम संपलं," डॉक्टर बाबांकडे पाहून म्हने. "आता दोन रस्ते. ऑपरेशन करायचं, किंवा थांबून बघायचं. ही अगदी काठावर आहे. काय करायचं?"

अन बाबा म्हनालेच होते, तोंड उघडलंच होतं, "तुमी म्हनसान तसं सर," मले ते वाक्य त्याइच्या ओठावर दिसलं. अन मले काय झालं मालूम नाही. मी म्हनलं, "थांबा बाबा. सर, माह्याकडे पाहून सांगा. मले मांगच्याच महिन्यात अठरा झाले."

डॉक्टर घड्याळाकडे पाहून म्हने, "बाहेर पेशंट आहेत."

"मीबी पेशंटच आहे सर."

आईनं माहा हात दाबला. मी सोडवून घेतला. अन विचारत गेली, जे पाच वर्षांपासून पोटात होतं ते. ऑपरेशन म्हनजे नेमकं काय? किती हाडं? वाकता येईन का? न केलं तर काय? अन सांगाचं तर कागदावर चित्र काढून सांगा, अन मराठीत लिहा. त्यानं पयले पेन टेबलावर आपटला. मंग उचलला. अन काढलं चित्र. दोन सळ्या, प्रत्येक हाडात स्क्रू, मंग ते हाडं एकमेकाइले चिकटून एक होतात, तेवढा भाग पुन्हा वाकत नाही, खालचा वाकते. मोठं ऑपरेशन आहे, धोका असते, पन करतात अन लोक उभे होतात, कॉलेजले जातात. नाही केलं तर? एवढा वाक मोठेपनी हळूहळू सरकू शकते, किंवा तिथीच बसू शकते. कोनी सांगू शकत नाही. दर काही महिन्यानं फोटो काढून पाहाचं. लय वाढला तर पुढे श्वासाले त्रास.

मंग मी विचारलं. "सर, ते आठ महिने गेले नसते तर?"

बाबा जमिनीकडे.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हने, अन या वेळी त्यानं खरंच माह्याकडे पाह्यलं. "जाकीट वेळेवर लावूनही काहींचं वाढतं. तुझं थांबलं असतं, असं मी छातीठोक नाही सांगू शकत. नसतं थांबलं, असंही नाही."

म्हनजे आयका. राग काढाचा तर त्यालेबी पक्की जागा नाही! त्या आठ महिन्यानं माही पाठ नेली का नाही नेली, हे मले मरेपर्यंत कळनार नाही. बारा डिग्री त्या रबराच्या पट्ट्यात गेल्या, ह्या तर फोटोत दिसतात. पन त्या जाकिटानं वाचल्या असत्या का? कोनी नाही सांगत.

उठताना मी म्हनलं, "सर, तुमी लोकाइले पट्टा नका म्हनू. जाकीट म्हना."

"अगं, लोकांना पट्टा कळतो."

"कळते म्हनूनच तर घात झाला सर."

बाबा दारात थांबले. डॉक्टरनं चित्राचा कागद उलटा केला अन वर मोठ्या मराठी अक्षरात माहा पुढच्या फोटोचा महिना लिहून दिला. बाबांनी हात पुढे केला थैलीत ठेवाले. मी नाही दिला. तो कागद आता माह्या कॉलेजच्या बॅगेत आहे.

घरी तेव्हापासून दोन पार्ट्या. आई म्हने ऑपरेशन नकोच, पाठीवर एवढा चिरा घेऊन कोनत्या घरी जाशीन? बाबा म्हने नागपूरले अजून एकाले दाखवू. दाखवू! दुसऱ्याचं मत घ्याले माही ना नाही. पन ठरवलं मी आहे, अन जेवताना सगळ्याइच्या समोर सांगून टाकलं. सहा महिन्यानं फोटो. जिथं आहे तिथंच असंन तर ऑपरेशन नाही, दर वर्षी फोटो, जगाचं. सरकलं असंन तर ऑपरेशन, अन त्या फॉर्मवर सही माही राहीन. आई म्हने, "अन लग्न?" मी म्हनलं, "ज्याले पाठच पाहाची आहे त्यानं मांगूनच जावं." बाबांच्या घशात भाकर अडकली, हासू आलं का ठसका ते त्याइनं सांगतलं नाही. आई हासली नाही. ती अजून हासली नाही. भांडे आपटनं मात्र आत्ताच थांबलं, तिनंच घासले वाटते.

मले भीती वाटते, हेबी लिहून टाकते. त्या सहा महिन्याची लय भीती वाटते. सकाळी अंघोळीच्या वेळी हात मांगे नेऊन मी बोटानं चाचपते, सरकलं का, सरकलं का. बोटाले डिग्री कळत नाही.

तुमच्या घरात दहा-बारा वर्षाची पोरगी असंन, पोरगा असंन, तर आजच त्याले समोर वाकाले लावा, हात पायाकडे, अन मांगून पाहा दोन्ही बाजू सारख्या आहेत का. अन डॉक्टरनं काही लावाले सांगतलं तर तिथीच खुर्चीत बसून विचारा, कोनता, कुठी भेटते, कसा दिसते, चित्र काढून दाखवा.

अन आता मले सांगा, खरं खरं सांगा, हे फक्त माह्यासोबत झालं का? तुमालेबी डॉक्टरनं एक सांगतलं अन घरी दुसरंच आलं, असं झालं का कधी? तुमीबी ते इमानदारीनं बांधून फिरले का? किती महिने? अन मंग कोनी तुमालेच म्हनलं का, का तूनंच नीट लावलं नसंन?